शेषरावची नळी

हळदीचा पाला कापायला लागून चौथा दिवस होता. जनकाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तिचा हात परातीतच थांबला. न्हाणीकडून शेषराव येत होते आणि त्यांच्या वहाणा जमिनीला घासत होत्या. माणसानं पाऊल उचललं तर वहाण टप् वाजते, नाही उचललं तर फरफटते. हा फरक तिला दोन वर्षांपूर्वी फार उशिरा कळला होता. तेव्हापासून तिचे कान त्या वहाणांपाशीच असत.

"काय झालं पायाला?" तिनं मागं न बघता विचारलं.

"कुठं काय?"

"घासून राहिले."

"पट्टा ढिल्ला झाला."

शेषराव चहा पिऊन ओसरीवर गेले, तशी ती उठली आणि पिठाच्या हातानंच वहाण उचलून पाहिली. पट्टा घट्ट होता. अंगठ्याखालचा तळ मात्र नव्यानं खरवडलेला होता. तिनं वहाण जशी होती तशी ठेवली आणि कोणालाच काही बोलली नाही.

दोन वर्षांपूर्वी असंच सुरू झालं होतं. आधी पाय जमिनीला चिकटले. मग धोतर ओलं व्हायला लागलं. मग एक दिवस शेषराव गोठ्यात उभे राहून स्वतःच्याच बैलाचं नाव आठवत राहिले. गाव म्हणालं, वय झालं. रणजीत, पोटचा पोरगा, तोही म्हणाला, वय झालं, पासष्टीला दुसरं काय होणार. सपना तेवढी गप्प बसली नाही. सून बीएस्सी झालेली, गोरेगावच्या खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. "पाय, लघवी आणि आठवण, तिन्ही एकदम बिघडलंय आई. हे वय नाही," ती म्हणाली आणि सासऱ्याला नांदेडला घेऊन गेली.

तिथं डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मधल्या पोकळीत पाणी साठलेलं निघालं. डॉक्टरांनी तिथून एक बारीक नळी कातडीखालून, मानेवाटे पोटात आणून सोडली. उजव्या कानामागं केसांत चिंचोक्याएवढा उंचवटा राहिला. ती झडप. डोक्यातलं पाणी किती सुटायचं याचा आकडा तिच्यावर बाहेरूनच लावता येतो, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात शेषराव चालत गोरेगावच्या बाजाराला गेले. लोक मुद्दाम बघायला आले.

"डोक्यातलं पाणी पोटात सोडलं म्हन्ता," किराणावाला पुनमचंद म्हणाला, "मंग तहान कमी लागत असंल."

"लागली तर उलटं वर वढून घेतो," शेषराव म्हणाले.

माणूस हसायला लागला होता, पण जनकाबाईचं हसणं त्या नळीनं कायमचं नेलं. सपनानं वहीचं पान भिंतीला चिकटवलं होतं: ताप, उलटी, डोकं दुखणं, गुंगी, पाय घासणं, यांतलं काही दिसलं की ताबडतोब दवाखाना. मोबाईल धरायचा तो डाव्या कानाला. जनकाबाईला वाचता येत नव्हतं, पण ते पान पाठ होतं. नवरा शिंकला तरी ती त्याच्याकडं बघायची. दोनदा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. एकदा त्यांचं डोकं दुखलं म्हणून, एकदा लग्नातलं जेवून उलटी झाली म्हणून. दोन्ही वेळा नांदेडचे डॉक्टर म्हणाले, नळी बरोबर चालू आहे. दुसऱ्या खेपेला परत येताना रणजीत जीपमध्येच म्हणाला होता, "आई, नळी आबाच्या डोक्यात हाय का तुह्या?" जीपमधली अनोळखी माणसंही हसली होती.

म्हणून या खेपेला ती गप्प राहिली. गप्प राहायला आणखी एक कारण होतं. पंधरा दिवसांवर वावराची सरकारी मोजणी होती.

अर्ज संतरामनं केला होता, शेषरावच्या पाठच्या भावानं. सासऱ्यानं हयातीत दोघा पोरांना वावर वाटून दिलं ते साध्या कागदावर. सरकारी नकाशात त्यांच्या हिश्शांमधली रेघच नव्हती. वाटणीच्या दिवशी म्हाताऱ्यानं मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आख लोहाराकडून दोन तुकडे करून आणला होता आणि धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, दोन टोकांना एकेक तुकडा कंबरभर खोल ठोकला होता. वरचा, विहिरीजवळचा तुकडा अजून दिसत होता. खालचा ट्रॅक्टरच्या नांगरटीत कधी मातीखाली गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. संतराम म्हणायचा, खालच्या टोकाला धुरा दरसाल नांगराच्या एका तासाएवढा सरकत सरकत त्याच्या अंगावर आलाय. रणजीत म्हणायचा, काका खोटं बोलतो. त्या वादातल्या पट्ट्यात आज जनकाबाईच्या हळदीच्या चार सऱ्या उभ्या होत्या.

मागच्या दिवाळीनंतर शेषरावनं खालचा तुकडा शोधायला घेतला होता. गोरेगावला फाटक्या भोंग्यांची दुरुस्ती करणाऱ्याकडून त्यांनी बशीएवढं, दोन बोटं जाड चुंबक आणलं, दोरी बांधली आणि रोज सकाळी ते धुऱ्यानं आणि लगतच्या सऱ्यांतून ओढत फिरायचे. खिळे निघाले, मळणीयंत्राचा नट निघाला, विळ्याचं तुटकं पातं निघालं. पंधरा दिवसांनी त्यांनी शोधणं सोडून दिलं. चुंबक मात्र घरात आणलं, पंच्यात गुंडाळलं आणि स्वतःच्या उशाखाली ठेवलं.

"संत्याच्या हाती लागता कामा नये," एवढंच ते जनकाबाईला म्हणाले. "कोणाला बोलू नको."

ती बोलली नाही. रोज अंथरूण घालताना ती पंचा सारखा करायची आणि त्यावर उशी ठेवायची.

*

पाय घासायला लागून आठवडा झाला तेव्हा तिला तिळाच्या पोळ्या आठवल्या. संक्रांतीला संतरामची बायको शकुबाई हिनं चार पोळ्या पाठवल्या होत्या. त्याआधी वर्षभर दोन्ही घरांतून चमचाभर भाजीही इकडची तिकडं गेली नव्हती. मोजणीचा अर्ज करून पोळ्या कशाला पाठवायच्या? जनकाबाईनं बोटांवर दिवस मोजले. बरोबर जुळत होते. एकदा जुळल्यावर ते तिच्या मनातून हलेनात.

हापशावर गाठ पडली. शकुबाई दांडा मारत होती, मागं तीन बायका घागरी घेऊन उभ्या होत्या.

"शकू, पोळीत काय घातलं व्हतं?"

"कोन्त्या पोळीत, बाई?"

"संक्रांतीच्या."

"तीळ, गूळ. येलची संपली व्हती तर सुंठ."

"आन् काय?"

शकुबाईनं दांडा सोडला. "आन् काय पायजे व्हतं?"

"तुह्या घरची पोळी खाल्ली अन् माणसाचे पाय गेले."

मागच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. शकुबाईनं शांतपणे घागर उचलून कमरेवर घेतली.

"चार पोळ्या व्हत्या," ती म्हणाली. "तीन तर तुमी खाल्ल्या असतील. तुमचे पाय हापशापस्तोर बराबर आले."

एक बाई पदरात तोंड घालून हसली. जनकाबाई रिकामी घागर घेऊन परत आली. पोळ्या तिनं एकटीनं तीन खाल्ल्या होत्या, आणि हे शकूला कसं कळलं याचाही तिला संशय आला.

*

हळद काढायला सुरुवात झाली त्या दिवशी शेषराव वावरात आले. नको म्हटलं तरी आले. सात बायका ओळीनं बसून गड्डे फोडत होत्या, माती झटकत होत्या. ऊन चढलेलं, ओल्या हळदीचा उग्र वास सगळ्या पट्टीत. ठिबकचा मोठा काळा पाइप वावरातून आडवा गेला होता, मनगटाएवढा जाड. शेषराव त्याच्यापाशी आले आणि थांबले.

जनकाबाईनं पाहिलं. त्यांचा उजवा पाय थरथरत होता. टाच उचलली जायची, पुन्हा टेकायची. लेकरू पाण्यात पाय घालायला भितं तसं. अंग मात्र पुढं झुकत होतं. त्यांच्या धोतरावर पुढून ओल पसरायला लागली आणि पोटरीवरून मातीत उतरली.

बायकांचे हात थांबले नाहीत, पण बोलणं थांबलं. प्रत्येकीला आपापल्या पुढ्यातला गड्डा एकदम फार महत्त्वाचा झाला.

जनकाबाई उठेपर्यंत धुऱ्यापलीकडून संतराम आला होता. तो भावापुढं पाठ करून वाकला, त्याचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले आणि त्याला पाठीवर उचललं.

"हात लावू नका, भावजी," जनकाबाई म्हणाली.

"लावला," संतराम म्हणाला.

त्यानं शेषरावला आंब्याच्या सावलीत नेऊन टेकवलं. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. ती त्यानं चाचपली नाही, पुसलीही नाही. जनकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो हळू आवाजात बोलला, बायकांना ऐकू जाणार नाही असा.

"वैनी, मोजणीपुरतं सोंग असंल तर लई हलक्या दर्जाचं हाय. आन् सोंग नसंल तर इतके दिस घरात काहून ठेवलं?"

तिनं तांब्या नवऱ्यापुढं धरला. शेषराव तांब्याकडं बघत होते. "संत्या," ते म्हणाले, "बैलं सोडली का?" दोघांकडंही बैल राहिले नव्हते. संतरामचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यानं डोळे बारीक करून भावाकडं नीट पाहिलं, बाजारात माणूस गुराचे दात बघतो तसं.

संध्याकाळी सपना शाळेतून आली. जनकाबाईनं तिला मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं.

"किती दिवसांपासून?"

"दहा."

"दहा दिवस, आई."  सपनानं दारातून आत भिंतीवरच्या त्या पानाकडं नुसतं पाहिलं, आणि जनकाबाईला ते शब्दांपेक्षा जास्त लागलं. "उद्या सकाळी निघायचं."

"उद्या?" आतून रणजीत जेवता जेवता म्हणाला. "परवा हळद शिजवायचा कुकर आपल्याकडं येऊन राहिला. नंबर गेला तर पुन्हा हप्ताभर येत न्हाई. आन् आबानं टाइम तर बराबर साधला. मोठा हिस्सेदार आजारी म्हणून मोजणी पुढं जाईल. तवर हळद निघंल."

"तुला वाटतं, आबा सोंग करतात?" सपनानं विचारलं.

"मला काई वाटत न्हाई. मी काई इचारत बी न्हाई."

"तूच सांगितलं का रे त्यास्नी सोंग करायला?" जनकाबाईनं विचारलं.

रणजीतनं घास तोंडात घातला. पोराकडं बघताना तिला पहिल्यांदाच जाणवलं, की याला बापाचे पाय असे राहिले तरी चालणार आहे. निदान मोजणी होईपर्यंत.

सकाळी जीप दाराशी आली तेव्हा संतराम आत आधीच बसलेला होता. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी.

"तुमी कुठं?" जनकाबाईनं विचारलं.

"नांदेडला. डॉक्टर काय म्हन्तो ते माह्या कानानं ऐकतो. तुमी येऊन सांगाल त्याचा मला भरोसा न्हाई."

"मंग बसा. पैल्यांदा खरं बोलले."

*

दवाखान्यात पायऱ्या होत्या. संतरामनं पुन्हा पाठ दिली. संडासात नेणं, धोतर बदलणं, ओलं धोतर नळाखाली पिळून पिशवीत घालणं, हे सगळं त्यानंच केलं, कारण तो पुरुषांचा भाग होता. तिसऱ्या वेळेला तो बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या होत्या. "सोंग न्हाई हे," तो कोणाकडं न बघता म्हणाला. जनकाबाईला त्याचाही संशय आला. एवढ्या लवकर कसं पटलं याला?

डॉक्टर निलम मॅडमनी आधी डोक्याचा फोटो काढायला लावला, मग नुसत्या कानामागच्या झडपेचा. दोन्ही फोटो उजेडावर लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"नळी तुटलेली नाही. अडकलेलीही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण आकडा बदललाय. आम्ही एकशे वीसवर ठेवला होता. आता दोनशेवर आहे. आकडा जितका मोठा तितकी झडप घट्ट. पाणी सुटेनासं झालंय." त्यांनी मान वळवली. "हा आपोआप बदलत नाही. कुठं दुसरीकडं मोठ्या मशीनमधून फोटो काढला?"

"नाही, मॅडम," सपना म्हणाली.

"मोबाईल?"

"डाव्याच कानाला धरतात. मी स्वतः बघते."

"मग एखादं चुंबक? बऱ्यापैकी ताकदीचं आणि डोक्याजवळ. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या कार्डावर लिहिलंय तसं."

"घरात चुंबक कुठून येणार," सपना म्हणाली. सासूकडं वळलीही नाही, इतकी तिला खात्री होती.

 जनकाबाईला समोर अंथरूण दिसलं, त्यावर पंचा, त्यावर उशी. शेषराव उजव्या कुशीवर झोपायचे. कानामागचा तो चिंचोका रोज त्याच उशीत रुतायचा. आणि ती उशी ती स्वतः घालायची.

संतराम शेजारच्याच खुर्चीवर होता. कोणाला बोलू नको, असं नवऱ्यानं सांगितलं होतं. हे बोललं की याला चुंबकाचं कळणार. कळलं की हा स्वतःचं चुंबक आणून मोजणीच्या आधी खालचा तुकडा शोधणार, आणि रातोरात पाहिजे तिथं नेऊन ठोकणार. ती डॉक्टरकडं बघत राहिली. डॉक्टर तिच्याकडं बघत होत्या.

"भावजी," ती म्हणाली, "माह्यासाठी जरा च्या आणता का? तोंड कोरडं पडलं."

संतराम चहा कधी आणणारा माणूस नव्हता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, डॉक्टरकडं पाहिलं आणि उठला. दार लागेपर्यंत ती थांबली.

"हाय चुंबक," ती म्हणाली. "भोंग्याचं. बशीएवढं. ह्यांच्या उशाखाली हाय."

सपनाची मान एकदम वळली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"उशाखाली? किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून. मला कोणी सांगितलं न्हाई, बाई. मला मोबाईल सांगितला. मी मोबाईल त्या कानाला एकदा बी जाऊ दिला न्हाई."

दार पुन्हा उघडलं होतं. संतराम कागदी कप घेऊन आत उभा होता. चहावाला दाराबाहेरच फिरत असावा.

"चुंबक कशाला लागतं वो, वैनी?" त्यानं विचारलं.

"खिळे येचायला."

"उशाखाली?"

 त्यानं कप तिच्या हातात दिला. चहा फार गोड होता.

डॉक्टरांनी एक गोल यंत्र शेषरावच्या कानामागं टेकवलं, आकडा लावला, बटण दाबलं. बारीक कुरकुर झाली, रातकिड्यासारखी. पुन्हा फोटो काढला आणि बघितला. "झालं. एकशे वीस."

"येवढंच?" जनकाबाई म्हणाली. "चिरफाड न्हाई?"

"नाही."

"मंग पैल्यांदा काहून केली?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. मग गंभीर होऊन शेषरावच्या समोर, त्यांच्या डोळ्यांपुढं स्टूल ओढून बसल्या आणि सावकाश बोलल्या. सुधारायला चार-आठ दिवस लागतील. ही नळी आता जन्माची सोबत आहे. या वेळी आकडा हलला, पुढं कधी नळी अडेल, कधी जंतू धरतील, कधी पाणी गरजेपेक्षा जास्त सुटेल. दहा वर्षं काही होणार नाही, नाहीतर पुढच्या महिन्यातही होईल. कोणालाच सांगता येत नाही. काही वेगळं वाटलं तर दहा दिवस थांबायचं नाही.

शेषराव ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. त्यांचे डोळे स्टुलाच्या पायांवर होते.

*

"खिळे येचायला," सपना घरी आल्यावर म्हणाली. नुसतंच म्हणाली. तिनं उशी उचलली, चुंबक काढलं आणि गोठ्याच्या पत्र्यावर लावलं. ते फाटकन चिकटलं. तिनं ओढून पाहिलं, एका हातानं निघेना. मग ती तिथंच उभी राहिली. "कार्ड मी वाचलं होतं, आई. मीच नीट सांगितलं नाही," ती म्हणाली. जनकाबाईनं ऐकलं, पण सुनेला माफ करावं की स्वतःला हे तिला कळेना. ती गुरांना कडबा टाकायला वळली.

दुसऱ्या दिवशी संतराम दाराशी आला. आत आला नाही.

"वैनी, माह्याबी वावरात खिळे लई झाले. ते चुंबक द्या की दोन दिस."

"पडलं कुठं तरी."

"गोठ्याच्या पत्र्याला दिसून राहिलं."

"ते दुसरं."

"बराबर," संतराम म्हणाला आणि गेला. गोरेगावला भोंगेवाल्याकडं जाईल, असं तिला वाटलं. दोन दिवस ती येता-जाता धुऱ्याकडं बघत राहिली. तो चुंबक घेऊन फिरताना दिसला नाही. चोरून फिरत असेल, असं तिनं धरलं.

तिसऱ्या दिवशी शेषरावनं कुकरचा आवाज ऐकून विचारलं, "आपला नंबर कवा आला?" चौथ्या दिवशी धोतर कोरडं राहिलं. पाचव्या दिवशी पहाटे ती चुलीपुढं बसली असताना टप् असा आवाज आला. मग पुन्हा टप्. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पदरानं डोळे पुसले, धुरानं झोंबत होते तसे.

त्या दिवशी सकाळी दहाला मोजणी होती.

*

मोजणीदार तिपाईवर यंत्र लावून उभा होता. त्याचा माणूस हातात चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन. दोन्ही घरची माणसं धुऱ्याच्या दोन बाजूंना, आणि गावातले चारजण मधे. विहिरीजवळच्या तुकड्यावर त्यांनी यंत्र लावून घेतलं.

"आता खालची खूण," मोजणीदार म्हणाला. "नकाशात तुमची रेघ नाही. दोघांनी मिळून दाखवाल ती. कोण दाखवतंय?"

रणजीत पुढं झाला. "हे काय, धुरा हाय ना समोर."

"थांब," शेषराव म्हणाले.

ते चालायला लागले. जनकाबाईची नजर त्यांच्या पायांवर होती. ठिबकचा पाइप त्यांनी न थांबता ओलांडला. धुऱ्याच्या खालच्या टोकापाशी आले आणि तिथं थांबले नाहीत. धुरा डाव्या हाताला ठेवून आपल्याच हळदीत शिरले. एक सरी ओलांडली. दुसरी, तिसरी, चौथी. चौथ्या सरीपलीकडं उभे राहिले आणि टाचेनं माती उकरल्यासारखं केलं.

"इथं हाय आख. वीतभर खाली."

संतराम जागचा हलला नाही. शकुबाईनं तोंडावर पदर घेतला.

"साहेब," रणजीत म्हणाला, "त्यांचं ऐकू नका. त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालेलं हाय. मागच्या हप्त्यात तर बैलं सोडली का म्हणून इचारत व्हते. ह्या काकालाच इचारा."

मोजणीदारानं संतरामकडं पाहिलं. संतराम जमिनीकडं बघत होता. होय म्हटलं तर हाती आलेल्या चार सऱ्या जातात, नाही म्हटलं तर खोटं. त्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं.

जनकाबाई हळदीतून नवऱ्यापर्यंत गेली. पाला कापलेल्या खुंटांनी तिचे घोटे खरचटले.

"कवापासून ठावं हाय तुमाला?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"चुंबक आणलं त्याच पंधरवड्यात. इथं आलं की दोरी ताणली जायची."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"दोघांची झोप गेली असती."

"आन् आता काहून सांगून राहिले?"

शेषरावनं कानामागं बोट नेलं, उंचवट्यावर टेकवलं, काढलं. "मधी ही जागा मला आठवतच नव्हती, जनके. आठवायला बसलो तरी न्हाई. आता आठवली. पुन्हा कवा जाईल, त्या डॉक्टरीणबाईला बी ठावं न्हाई."

तिनं त्यांचा चेहरा न्याहाळला. गुंगी नव्हती. ताप नव्हता. डोळे एका जागी होते, थेट तिच्यावर. आकडा चुकवला तर नसेल त्या बाईनं? एकशे वीसच्या जागी दुसरा कुठला लावला असेल, ज्यानं पाय सुधारतात पण माणूस असा उलट्या बाजूनं बोलायला लागतो? हा विचार तिला खरोखर आला, आणि तो संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

"बाई," मोजणीदारानं हाक मारली. त्याच्या हातात कागद होता. "तुम्ही यांच्या बायको ना? मुलगा म्हणतो, यांचं डोकं ठिकाणावर नाही. तसं असेल तर यांचा जबाब मला घेता येणार नाही, धुरा आहे तसा धरावा लागेल. तुम्ही सांगा. शुद्धीत असतात का?"

रणजीत तिच्याकडं बघत होता. डोळ्यांनीच सांगत होता. एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द गावानं दोन वर्षांपूर्वी तयार करूनच ठेवला होता. वय झालं.

"लिहा," जनकाबाई म्हणाली.

"काय लिहू?"

"शुद्धीत हायेत. दोन हप्ते नव्हते, आता हायेत. मी रोज बघते. माहा अंगठा घ्या त्याच्याखाली."

मोजणीदारानं लिहिलं. शाईचा डबा पुढं केला. त्याचा माणूस चौथ्या सरीपलीकडून फक्की टाकत वर विहिरीकडं निघाला. पांढरी रेघ हळदीच्या खुंटांमधून सरळ चालत गेली. रणजीत पाठ फिरवून वावराबाहेर पडला. शेषराव आंब्याखाली जाऊन बसले. थोड्या वेळानं संतरामही तिथंच बसला, दोन हात अंतर ठेवून. 

कामाला आलेल्या बायका कुदळी घेऊन धुऱ्याशी खोळंबल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मावशी, ह्या चार सऱ्या राहिल्या. काढायच्या का?"

अंगठ्याची शाई जनकाबाई मातीनं पुसत होती. तिनं पलीकडं शकुबाईकडं पाहिलं. शकुबाईही तिच्याकडंच बघत होती, डोळे बारीक करून, आता ही काय म्हणते म्हणून.

"मला नको इचारू," जनकाबाई म्हणाली. "तिला इचार."